नानांच्या हप्त्यातले एकशे ऐंशी

ती. ताईच्या सेवेशी,

धाकट्याचा (वय वर्षं एकसष्ट) दंडवत. गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डावा सुधारला, पण आता उजवा धरलाय. म्हणजे एकूण परिस्थिती जैसे थे. भाऊजींनी कानातलं यंत्र लावलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग, लावलं नसेल तर मोठ्याने सांग, म्हणजे शेजाऱ्यांनाही पोचेल. आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय गेले पंधरा दिवस माझ्याशी जरा तोडून बोलते आहे, कारण जेवणाच्या टेबलावर मी कागदपत्रं मांडली आहेत आणि आम्ही दोघं ताट मांडीवर घेऊन जेवतो आहोत. ती कागदपत्रं कसली, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

घरासाठी आपण पतसंस्थेचं कर्ज काढलं ते तुला सांगायला नको, कारण कर्जदार म्हणून सही तुझी आणि माझीच आहे. तरी सांगतो, कारण मला सांगायला आवडतं. बाहेरच्या खोलीत नानांचं बाइंडिंगचं दुकान आणि आत आपण सगळे, असं ते भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं तेव्हा नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात माणसाला कर्ज कोण देणार, म्हणून सह्या आपल्या. पण कचेरीत मधल्या खुर्चीवर बसले ते नाना, लोकरीचा कोट घालून. (उन्हाळा होता. आठवतं?) मुदत दहा वर्षं की पंधरा, असं अधिकाऱ्याने तुला विचारलं आणि नानांनी उत्तर दिलं, ‘अकरा.’ दहा म्हणजे घाई दिसते आणि पंधरा म्हणजे हाव, हे त्यांचं कारण. त्या अधिकाऱ्याने आयुष्यात कुणाला अकरा वर्षांचं कर्ज दिलं नव्हतं. त्याने हप्त्यांच्या कोष्टकांचं जाडजूड पुस्तक काढलं, पट्टी लावून आकडा शोधला, आणि तो ऐकून नाना असे खूश झाले की परत येताना ते आपल्या दोघांच्या पुढे चालत होते. तू म्हणालीस, कर्ज डोक्यावर घेऊन माणूस असा चालतो का! मी तेव्हा हसलो होतो. आता त्या रस्त्याने जाताना मला ती पाठ पुढे दिसते, आणि हसू येत नाही.

पहिली पाच वर्षं हप्ता भरायला तेच जायचे. पैसे तीनदा मोजायचे, नोटांच्या कडा जुळवायच्या (बाइंडरच तो, कडा जुळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही), आणि पावती आणून ती दोनदा वाचायची. एकदा रोखपालाने एक नोट जास्त परत दिली, तर भर उन्हात उलटपावली गेले. तोवर रोखपालाने हिशेब बंद केला होता, तो पुन्हा उघडावा लागला म्हणून तो चिडला, आणि नाना त्याच्यावर चिडले की प्रामाणिक माणसाला वेळेचं बंधन कसलं घालता. नाना गेल्यावर मी जायला लागलो. मी नोटा एकदाच मोजतो, पण बाकी परंपरा चालू ठेवली आहे.

तर गेल्या महिन्यात एकशे बत्तिसावा, म्हणजे शेवटचा हप्ता. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मिठाईचा पुडा घेतला आणि घराचा मूळ कागद परत आणायला पिशवीसुद्धा नवी घेतली. खिडकीतल्या बाईंना (यांना बारमाही सर्दी असते) पुडा दिला. त्यांनी पैसे घेतले, मशीनमध्ये काहीतरी बघितलं, नाक पुसलं आणि एक कागद छापून माझ्या हातात ठेवला. बाकी येणे, एकेचाळीस हजार दोनशे बारा! मी म्हटलं, बाई, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तो आपलाच होता. संस्थेने नवा संगणक घेतला आहे, आणि त्याने शोधून काढलं की आपला हप्ता पहिल्या महिन्यापासून एकशे ऐंशीने कमी लावला गेला. तो फरक अकरा वर्षांचा, त्या फरकावर व्याज, ते व्याज वेळेवर भरलं नाही म्हणून दंड, आणि शेवटी फेरतपासणी आकार. म्हणजे त्यांची चूक त्यांनीच शोधली, त्याची मजुरी आपण द्यायची! मी विचारलं, न्हाव्याने कान कापला तर तो वर पट्टीचेही पैसे लावतो का? बाई शांतपणे म्हणाल्या, ‘न्हाव्याचं माहीत नाही काका, आमच्याकडे लावतात.’ आणि हे सगळं भरेपर्यंत घराचा कागद मिळणार नाही, असं सांगून त्यांनी पुड्यातली दोन पेढ्यांएवढी मोठी वडी उचलली.

ताई, मला पैशाचं एवढं वाटलं नाही. (वाटलं. पण नंतर.) नाना जाण्याआधी दोनच गोष्टी बोलले होते, दुकानातली कात्री कुणाला उसनी देऊ नकोस आणि घराचा कागद सोडवून आण. कात्री मी सांभाळली आहे. आणि आता कागद दारात येऊन अडला, तोही दुसऱ्याच्या चुकीने! माझं डोकं सणकलं.

लेखी तक्रार द्या, सोबत सर्व पावत्यांच्या प्रती जोडा, असं मॅनेजरने सांगितलं. हा पोरगेला मॅनेजर सज्जन आहे, पण बाइंडरला ‘जोडा’ म्हणताना विचार करावा हे त्याला ठाऊक नव्हतं. मी एकशे बत्तीस पावत्या क्रमाने लावल्या, शिवल्या, कापडी पाठीचा पुठ्ठा चढवला, सुरुवातीला अनुक्रमणिका आणि वर सोनेरी अक्षरांत ‘तक्रार’ असं उठवलं. असे तीन संच. आठ दिवस लागले (जेवणाच्या टेबलाचं प्रकरण ते हेच). तो ग्रंथ बघून मॅनेजर उठून उभा राहिला. मग म्हणाला, फायलीत लावायला याला भोकं पाडावी लागतील, आणि टेबलावरचं ते पंचिंग यंत्र हातात घेतलं. मी ग्रंथ छातीशी धरला. पाऊण तास आमची झटापट चालली, कायद्याची नव्हे, भोकांची. शेवटी तक्रार फायलीत न जाता कपाटात उभी ठेवायची असा तोडगा निघाला. त्या कचेरीत उभी ठेवलेली ती एकमेव तक्रार आहे.

परवा तिसरी फेरी. मॅनेजरने ग्रंथ खरोखर वाचला होता. संस्थेच्या चुकीचा भुर्दंड कर्जदारावर टाकता येत नाही, असं त्यांच्याच नियमावलीत निघालं; सगळी रक्कम माफ. दोन्ही कर्जदारांनी माफीच्या अर्जावर सही केली की झालं. मी जिंकलो, ताई! अर्ज सोबत जोडला आहे (टाचणीने, शिवलेला नाही). फुलीपाशी तुझी सही हवी आहे.

मुलांना आशीर्वाद. लहानांना पापा, मोठ्यांना मान, आणि तुला वाकून नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. सही करण्याआधी एवढं वाच. जिंकल्यावर माणसाने गुमान घरी यावं, पण मला खुमखुमी. मी मॅनेजरला म्हटलं, मुळात चूक कुणाची ते तरी बघू. त्याने तळघरातून ते कोष्टकांचं जुनं पुस्तक मागवलं. बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि उघडण्याआधीच मी ओळखलं. पाठीवरची पट्टी, कोपऱ्यांची घडी, खळीचा तो लवंग घातलेला वास. (खळीला कीड लागू नये म्हणून लवंग घालणारे दुसरे कोण होते?) नानांचं काम. कर्जाच्या आदल्या वर्षी त्यांनी संस्थेची पुस्तकं बांधून दिली होती, ते त्यांचं शेवटचं मोठं काम. अकरा वर्षांचं पान काढलं. डाव्या पानावर मुदत असते आणि उजव्यावर आकडे. तिथे डावं पान एका घडीचं (म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचं; दर मुदतीला एका घडीएवढी पानं) शेवटचं आणि उजवं पुढच्या घडीचं पहिलं. पुढची घडी सातवी हवी होती, नानांनी आठवी लावली आहे. त्यामुळे अकराच्या समोर बाराचे आकडे आले, हप्ता कमी झाला, आणि ज्या मुदतीला कुणी हात लावत नाही ती मुदत घेणारा एकच माणूस निघाला. आपण लहान असताना तू घड्यांचे आकडे मोठ्याने वाचायचीस आणि ते रचायचे. त्या वर्षी मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हतं (ऑपरेशन नंतर झालं) आणि वाचायला कुणी नव्हतं. म्हणजे मी होतो. ‘जरा आकडे वाच रे’ अशी हाक त्यांनी मारली होती आणि मी कागदवाल्याशी घासाघीस करत ‘आलोच’ म्हटलं होतं, असं मला आठवतं. कदाचित तसं झालंही नसेल. पण मला फार वाईट वाटलं, ताई. मी पुस्तक मिटलं. मॅनेजरला वाटलं, विजयाने गहिवरलो. चूक आहे, पण बारा वर्षांत एक टाका सैल झालेला नाही, हे मात्र तुला सांगतो.

ता. क. २. तेव्हा सही करू नकोस, अर्ज फाडून टाक. मी काल जाऊन फरकाचे तेवीस हजार सातशे साठ भरून आलो. नाना असते तर लोकरीचा कोट घालून स्वतः गेले असते. माफ झालेले पैसे कुणी भरायला येतं, याची त्या संगणकात सोयच नाही. मॅनेजर आणि बाई तासभर खटपट करत होते, शेवटी ‘इतर जमा’ म्हणून घेतले. कारण विचारलं तर मी म्हटलं, आमच्या घरातली पद्धत आहे. पुस्तकाचं बोललो नाही. व्याज आणि दंड मॅनेजरने आपल्या अधिकारात सोडून दिले, त्याला अर्ज लागत नाही. फेरतपासणी आकार मात्र एक पैसा दिला नाही. तुझ्याकडे निम्मे मागत नाही. (तुझ्या भावजयीने मागायला सांगितलं आहे. तिला मागितले असं सांगेन.)

ता. क. ३. घराचा कागद आता तयार आहे, पण तो घ्यायला दोन्ही कर्जदारांना स्वतः हजर राहावं लागतं, असा कडक नियम आहे. तेव्हा पुढच्या महिन्यात यावं लागेल. नाइलाज आहे.

ता. क. ४. वरचा नियम मी केलेला आहे. तुझं संमतिपत्र टपालाने आलं तरी चालतं, असं बाईंनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, माझ्या बहिणीचा फोन आला तर हे सांगू नका. त्यांनी नाक पुसून मान हलवली. नाना गेले त्यानंतर तू इकडे आलेली नाहीस. सहा वर्षं झाली. ये ना, ताई.