मागच्या चाकाचा सेन्सर

३ डिसेंबर
गाडी पोलीस ठाण्यातून सुटली. टो करून पाथर्डी फाट्यावर माझ्याच गॅरेजात आणली. पुढचा डावा भाग पार गेलाय. ललितचा एक बूट सीटखाली होता, काढून ठेवला. काहीच वाटलं नाही.

४ डिसेंबर
शेजारचा पंक्चरवाला खंडेराव म्हणाला, "झोप लागली आसंल पोराला. कशाला उकरताय, दादा?"

सगळे हेच म्हणतात. पहाटे घोटीच्या अलीकडे उभ्या ट्रॉलीवर आदळून गेला, म्हणजे झोपला! पण आदल्याच आठवड्यात ललित दोनदा म्हणाला होता— "पप्पा, लाइट लांब जातच नाही." मी म्हणालो, रविवारी बघू. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचं वायरिंग करतोय मी. पोटच्या पोराला रविवार!

५ डिसेंबर
या गाडीची लाइट आपोआप वर-खाली होते. मागे वजन पडलं की नाक वर उठतं; समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून लाइट खाली वळते. वजन कळतं मागच्या चाकाजवळच्या सेन्सरवरून.

उजवी लाइट शाबूत आहे. दुसरी बॅटरी जोडली. फ्यूज ठीक. मोटर ठीक. वायर कुठं तुटलेली नाही. स्कॅनरवर एकही एरर नाही. पण गाडी रिकामी, आणि सेन्सर सांगतोय— मागे माणसं भरलीत.

घरी जाऊन जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

६ डिसेंबर
सापडलं. जॅक लावून खाली शिरलो. सेन्सरच्या बारीक दांडीला काळा दोरा. गुंडाळत गुंडाळत दांडी आवळून बसलाय. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून साधनानं, ललितच्या आईनं, वणीच्या देवीहून आणलेला. कापला. समोरच्या भिंतीवर उजेड हळूच वर सरकला.

पोरगा झोपला नव्हता. त्याला दिसलंच नाही.

आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. माझा रविवार नाही, तिचा दोरा! मग स्वतःचीच किळस आली. बायकोला हे सांगायचं नाही. मरेपर्यंत नाही.

७ डिसेंबर
गॅरेज बंद ठेवलं. बसून होतो.

९ डिसेंबर
साधनानं विचारलं, "गाडीला दोरा होता ना हो? मिळाला तर द्या मला." मी म्हणालो, नव्हता.

"असेल, नीट बघा. मी आरशाला बांधत होते, तर तुम्ही ओरडलात— काचेसमोर असलं गावठी नको, खाली कुठंतरी बांध. मग ललितच शिरला गाडीखाली."