चरकाचं मॉडेल

२ एप्रिल १९९५, रविवार
भिगवण. सारजाच्या रसवंतीतला चरक इतका थरथरतो, की रसाचे भरलेले ग्लास सरकत सरकत टेबलावरून पडतात. हायवेचा धंदा उन्हाळ्यापुरताच. बहिणीचं वर्षाचं घर त्यावर चालतं. मी बारामतीत पॉलिटेक्निकला कंपनशास्त्र शिकवतो आणि सख्ख्या बहिणीचे ग्लास फुटतात. स्वतःला विचारलं, हे शोभतं का? नाही. संकल्प : चरकाचं गणिती मॉडेल करायचं. एक वस्तुमान, एक स्प्रिंग, कंप शोषणारा एक डँपर. आठवड्यात उत्तर.
दाजी म्हणाले, ग्लास हातात धरला की पडत न्हाय. वरवरचा उपाय. समजावलं.

९ एप्रिल
लॅबचं मीटर लावलं. मॉडेल आणि चरक जुळत नाहीत. चूक माझीच. चरकाला पाय चार, मॉडेलात स्प्रिंग एक, उथळपणा झाला. चार धरायच्या.

१४ एप्रिल, सुट्टी
चार धरल्या. जुळेना. सारजा म्हणाली, आण्णा, ऊस घालू का नको? गिऱ्हाईक हुबं हाय. म्हणालो, रीडिंग चालू असताना ऊस घातला की बल बदलतं. गिऱ्हाईक शेजारच्या रसवंतीत गेलं. शास्त्राला धीर लागतो.

१६ एप्रिल, दुपार
सापडलं! चाकाला बांधलेली घुंगरं. मनाला येईल तशी उडतात, समीकरणात बसत नाहीत. म्हणजे मॉडेल बरोबर, चरक चुकीचा. (लिहिताना शंका आली. प्रामाणिकपणे तपासली. टिकली नाही.) घुंगरं सोडली, पायांखाली रबर घातलं. सारजा म्हणाली, अरं, ती वाजत्यात म्हणून तर एसटीतली माणसं वळून बघत्यात. हा मुद्दा धंद्याचा, यंत्राचा नव्हे. घुंगरं वजन करायला लॅबमध्ये नेतो आहे.

२३ एप्रिल
मॉडेल आणि चरक तंतोतंत! दिवसभरात एकही ग्लास पडला नाही. दाजी म्हणाले, पडंल कसा? भरलाच न्हाय. स्वभाव तिरकस. माणसं एसटीतून उतरतात आणि शेजारी जातात. तिथला चरक भयंकर वाजतो. लोकांना कंपनाची जाण नाही. यावर शोधनिबंध लिहायचा.

३० एप्रिल
सारजानं घुंगरं मागितली. ती लॅबच्या कपाटात, किल्ली विभागप्रमुखांकडे, विभागप्रमुख सुट्टीवर. सगळं खरं सांगितलं. नवी आणायला दाजी बारामतीला गेले. सारजा म्हणाली, तवर घुंगरांच्या जागी तू वाज.
रस्त्याच्या कडेला उभा राहून ‘गार रस’ म्हणत राहिलो. एक एसटी थांबली. माझ्याच वर्गातले दोघे उतरले, नमस्कार केला, थोडा वेळ ऐकलं. एक म्हणाला, सर, मागच्या बाकापर्यंत इथंपण ऐकू येत न्हाय. मग दोघेही शेजारी गेले.
खरंच येत नसेल का? सारजाला विचारलं. ती म्हणाली, आदी वरड, मग इचार.