जर्मनच्या पट्ट्या

सुगतभाऊ,

आपल्या अण्णांच्या जुन्या मोटारीच्या बाजूच्या पट्ट्या घासायलेय. तुझ्या पोराच्या वरातीत त्या चमकल्या पाहिजेत ना! ओला पॉलिश पेपर एकाच दिशेनं फिरवायचा, हे अण्णांनीच शिकवलं.

तू व्याह्यांना सांगितलंस म्हणे, पट्ट्या जर्मनीहून आल्यात. मी लय हसले. अण्णा 'जर्मनच्या पट्ट्या' म्हणायचे, म्हंजे अ‍ॅल्युमिनियमच्या! ताडकळसच्या बाजारात जर्मनची पातेली ढिगानं असतात. एवढा साहेब झालास, आन् घरातला शब्द कळला न्हाई?

अण्णा पुण्यात तुझ्याकडं ऱ्हायला होते, तवा तुमी काचेच्या ताटात जेवायचे आन् अण्णांना ताटली वेगळी. तीबी जर्मनचीच. गावी परत येताना त्यांनी ती पिशवीत घालून आणली.

आज तीबी घासली. हे पत्र टपालात टाकणार न्हाई. वरातीला गावी आलास की तुला तिच्यातच वाढते.

तुझी बहीण,
धम्मशीला