काजाचं मशीन आणि माझा चेहरा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्याशी बोलत नाही, तरी आशीर्वाद दिलात असं धरून पुढे लिहिते.) तुमची कंबर कशी आहे? मामी डोळ्यांत औषध वेळेवर घालतात ना? मी ठीक आहे. म्हणजे जेवते, ऑफिसला जाते, आणि काजाच्या मशीनसाठी तुम्ही साठवलेले पैसे आठवले की जिन्याची एक पायरी चुकते.

आईकडून कळलं की त्या पैशांचे तुम्ही आमच्या पंपाच्या कंपनीचे शेअर घेतलेत, तेही नफ्या-तोट्याच्या निकालाच्या चार दिवस आधी, आणि निकालाच्या दिवशी एकशे बाराचा भाव अठ्ठ्याण्णववर आला. तुमचं म्हणणं असं की कंपनी बुडत होती आणि सख्ख्या भाचीने सांगितलं नाही. मामा, कंपनी बुडालेली नाही. नफा बावीस टक्क्यांनी वाढलाय. निकालाचा कागद मीच टाइप केला, तीनदा तपासला, आणि तीनदा तपासला ना, हेही एकदा तपासलं.

मग भाव का पडला, हे मी आमच्या हिशेब विभागातल्या बाईंना विचारलं. त्यांनी समजावलं ते कळलं नाही. नंतर आपलं घर आठवलं आणि कळलं. दहावीला मला एक्याण्णव टक्के पडले. (तोवर आपल्यात दहावीपर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं.) तरी दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही, कारण तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माप घेता घेता पंच्याण्णव सांगून ठेवले होते. माझ्या धाकट्या भावाला अठ्ठेचाळीस पडले तेव्हा मात्र तुम्ही त्याला नवी पँट शिवलीत, कारण तो नापास होणार हे ठरलेलंच होतं. बाजाराचं तसंच आहे. लोक तीस टक्क्यांची आशा धरून महिनाभर आधीच शेअर घेत सुटले होते, भाव त्या आशेवरच चढला होता. बावीस आले आणि आपल्या घरासारखी शांतता पसरली. त्यात मोठे साहेब बोलून गेले की पुढच्या वर्षी मागणी जरा थंड राहील. (एक्याण्णव आणून वर मी अकरावी अवघड असते म्हणाले होते, तसंच.)

आता निकालाआधी मी तुमच्याकडे आले होते, त्या रविवारचं. निकाल जाहीर होईपर्यंत आकड्यांबद्दल बाहेर बोलणार नाही, अशी मी कंपनीत सही दिली आहे. तुम्ही विचारलंत, कंपनी कशी चाललीय, आणि मी आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागले. पाच मिनिटं बोलले. मग पेला पाडला. चांगले मार्क पडले की धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून मी प्रगतिपुस्तक गादीखाली लपवायची, हे मामींना सांगत तुम्ही हसलात. मी निघताना दारात म्हणालात, "पोरगी लपवतेय, म्हणजे पहिली आलीय." मला वाटलं, जुनी आठवण काढताय. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी शेअर घेतलेत.

तुमचा अंदाज चुकला नव्हता, मामा. मी पहिलीच आले होते. फक्त ते गल्लीला आधीच माहीत होतं.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. हे सगळं मी आमच्या नियम सांभाळणाऱ्या साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. आता त्यांना "भाचीने एक अक्षरही सांगितलं नाही, तिच्या चेहऱ्यावरून मीच ताडलं" असं तुमच्या सहीचं लेखी हवंय. नाहीतर माझी नोकरी राहणं कठीण आहे. कागद सोबत जोडलाय. पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे, पण तेच आधी लिहिणं बरं दिसलं नसतं.

आणखी एक. यापुढे निकालाआधी पंधरा दिवस मी तुमच्याकडे येणार नाही. मामींनाही इकडे पाठवू नका, त्या तुमच्याहून जास्त ओळखतात.

शेवटचं. पाकीट बंद करताना आईचा फोन आला. शेअर ठेवू की विकू, हे पोरीला विचार आणि ती काय म्हणते ते शब्दाला शब्द कळव, असा तुमचा निरोप आहे म्हणे. (म्हणजे राग गेला, बरं वाटलं.) मी तिला फक्त टाकी गळतेय एवढं सांगितलं. मामा, टाकी खरोखरच गळतेय.