कापड स्वतःच्या गळ्यात बांधावे

हे मृत्युपत्र लिहायचं मी आजवर टाळत आलो. कागद आणला, पेन आणायला निघालो, वाटेत एकाची बंद पडलेली गाडी ढकलू लागलो आणि पुढच्या गावाला पोचलो. आता उद्या सकाळी ऑपरेशन आहे, पळायला वाट नाही, म्हणून बसलोय.

मी, भिरभिऱ्या (हे नाव थोरल्या ताईने ठेवलं आणि तेच टिकलं), कोणाच्याही दडपणाखाली नसताना, स्वखुशीने हे लिहून ठेवतो. डोक्यात गाठ असली तरी डोकं ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिलाय. तो ताईला दाखवावा. तिला पटणार नाही.

१. सायकल शेजारच्या खाटेवरच्या बसड्रायव्हरांना देणार होतो. पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. ते म्हणाले, “सुटलो बाबा! ब्रेक तरी आहेत का तिला?” मग ती ज्याला हवी त्याने न्यावी.

२. माझे बूट खानावळीच्या आचाऱ्याने उधारीपोटी दाबून ठेवलेत. ते आता त्याचेच. चावतात, हे त्याला सांगू नये.

३. बचत नाही. तंबू आहे, त्याला भोक आहे. ते कसं पडलं ती वेगळीच गंमत आहे... राहू दे.

४. खरं कलम हे. सलूनवाले काका.

या गावात मी केस कापण्यापुरता थांबलो होतो. अर्धं डोकं झालं आणि काका हातातल्या कात्रीकडे बघत उभे राहिले. ती कशासाठी असते, तेच त्यांना आठवेना. पुढे त्यांना पालक नेमायची वेळ आली, तेव्हा कोर्टात विचारलं, यांचं कोण आहे? कोणीच बोललं नाही, म्हणून मी हात वर केला. तेव्हापासून मी त्यांचा पालक. इतके दिवस एका जागी मी कधी राहिलो नव्हतो.

पालकत्व मृत्युपत्राने देता येत नाही, नाव फक्त सुचवता येतं. मी ताईचं सुचवतो. सकाळी तिला फोन केला होता.

“स्वतःच्या चपला सांभाळता येत नाहीत आणि निघालाय दुसऱ्यांना सांभाळायला! मला नाही जमायचं, सांगून ठेवते.”

“बरं, नको. पण ऐक तरी. भरवताना कापड त्यांच्या गळ्यात नाही, आपल्या गळ्यात बांधायचं.”

तिने फोन ठेवला.

पण ते लिहितोच. सुरुवातीला घरी येणारी नर्स भरवताना काकांच्या गळ्यात कापड बांधायची आणि काका ताडकन उठून उभे राहायचे. सगळ्यांना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. अहो, कापड गिऱ्हाइकाच्या गळ्यात असतं! ते आपल्या गळ्यात बांधावं, समोर बसावं, हातात कंगवा द्यावा. ते केस ओले करतील, भांग पाडतील, “मान सरळ,” म्हणून दटावतील. मान सरळ करावी. काम झालं की शेजारी बसून मुकाट्याने जेवतात.

आज काकांच्या घराखाली, तळमजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाई त्यांच्याजवळ आहेत, पण रोज त्यांना जमणार नाही. मी नसलो आणि कोणी पुढे आलं नाही, तर काकांना गावाबाहेरच्या मोठ्या आश्रमात नेतील. मी जाऊन बघून आलोय. तिथे जेवताना ओळीने सगळ्यांच्या गळ्यात कापड बांधतात. काका उभेच राहतील, उपाशी.

५. ताईशी माझं भांडण होतं. ते माझ्याबरोबर संपलं असं समजावं. तिची इच्छा असेल तर अर्धं तिने ठेवावं.

वरचं सगळं वाचून, समजून सही केली.

सही: भिरभिऱ्या
साक्षीदार: बसड्रायव्हर, शेजारची खाट
साक्षीदार: वॉर्डातल्या मावशी (“लवकर आटप रे, लादी पुसायचीय”)
ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीकडची खाट
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार

ता. क. मावशी सांगतायत, दारात कोणी बाई आलीय. केस ओले, भांग भलत्याच बाजूला, गळ्यात कापड. मागे कंगवा घेतलेला एक म्हातारा. आणि ती त्याला विचारतेय, “काका, आता तरी मान हलवू का?”