आभाराचं बटन

३ ऑगस्ट, रविवार
समाजाच्या हॉलवर मीटिंग. आपल्या ग्रुपचं काम साधं. गावाकडून पेशंट सुरतेला आला की मोबाइलवर निरोप पडतो, ज्याला जमेल तो "मी जातो" लिहितो आणि दवाखान्यात सोबतीला बसतो. इतकी वर्षं यावर भागलं. आता म्हणे "पारदर्शकता" हवी. चेतनने, म्हणजे अध्यक्षांच्या चिरंजीवांनी, अ‍ॅप बनवलंय. प्रत्येक स्वयंसेवकाला विश्वासगुण. पेशंटच्या नातेवाइकाने "आभार" हे बटन दाबलं की गुण चढणार. पडद्यावर रंगीत आलेख, टाळ्या. मीही वाजवल्या, त्यांचा ढोकळा खाल्ला होता ना.
या चेतनला मी मनात गुणाजी म्हणतो. आजवर वॉर्डात अर्धा तास बसला नसेल.

७ ऑगस्ट
गुण लागले. पहिला नंबर कुणाचा? गुणाजीचाच! निरोप इकडचे तिकडे ढकलतो, त्यावर लोक बटन दाबतात. दुसरे सचिन औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार. केळी वाटतात, फोटो काढतात, केळी संपायच्या आत निघतात.
रतनअक्का तळाला. शून्य.
वाचून डोकंच फिरलं. अक्का माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागच्या गल्लीत राहते, घरी साड्यांना टिकल्या लावते. आमच्या लिंबायत भागात कुणीही अ‍ॅडमिट होवो, डबा घेऊन पहिली ती. पेशंटला न्हाऊ घालते, नर्सशी मोडक्या गुजरातीत भांडते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हे सोडलं तर बाईला दुसरं काही नाही.

११ ऑ.
गुणाजीचा फतवा. महिनाअखेर ज्याच्या नावावर एकही आभार नाही, त्याने दवाखान्याचा पास समितीकडे जमा करायचा. पासाशिवाय वॉचमन दारातूनच हाकलतो. फोन केला. "काका, सिस्टम है. इसमें पर्सनल कुछ नहीं." मराठी शाळेत शिकला हा, मीच फॉर्म भरून दिला होता.
म्हटलं, अक्काचं काय? तर म्हणे, इतकी चांगली असती तर लोकांनी बटन नसतं दाबलं?
लेकाचा.

१४ ऑ.
दुकान लवकर बंद करून भेस्तानला. सुनंदाच्या घरी. तिच्या मुलीच्या बाळंतपणात अक्का तिथेच मुक्काम ठोकून होती. सुनंदाला म्हटलं, एक बटन दाबायचंय, बाकी काही नाही.
तिचं तोंड असं झालं, जणू मी शिवीच दिली.
"आपला मानूसले कोनी आभार म्हनस का दादा? अक्का काय परकी शे?"
आत मुलगी बाळ घेऊन बसली होती, तीही म्हणाली, नको मामा, अक्काला काय वाटेल.
दुसऱ्या दोन घरी हेच. एकीने तर चहासुद्धा विचारला नाही. आपल्यात आभार मानतात ते डॉक्टरचे, नेत्याचे, नाहीतर ज्याचं परत तोंड बघायचं नसेल त्याचे. आणि त्या गाढवाने नेमकं तेच मापायला घेतलं! मला तरी मीटिंगमध्ये कुठे सुचलं म्हणा. ढोकळा.

२२ ऑ.
सुनंदा फोन घेऊन दुकानात आली. काच तडकलेली, बदलून हवी. "बाजार करी येस," म्हणून गेली.
काच बदलली. फोन हातात, उघडाच. ते अ‍ॅपही होतं त्यात. अक्काचं नाव.
दाबलं.
कुणाचं काय बिघडलं? अक्काचा पास राहिला. सुनंदाला कळायचंही नाही. गुणाजीला त्याच्याच खेळात हरवलं, याचा आनंद झाला, खोटं कशाला लिहू. काचेचे पैसे घेतले नाहीत.

२४ ऑ.
अक्का सकाळी दुकानात. उभीच राहिली. मोबाइल पुढे केला. त्यात हात जोडलेलं चित्र, खाली "सुनंदा यांनी तुमचे आभार मानले."
"भाऊ, मन्हं काय चुकनं?"
म्हटलं, चुकलं कुठे, चांगलंच आहे की. आता सगळेच दाबतात.
"सगळा दाबोत. सुनंदानी दाबं. माले परकी करी टाकं तिनी."
मग म्हणाली, त्या पोरीच्या बाळाला पहिली आंघोळ मी घातली. बारशाला मला बोलावणार होते, आता कशी जाऊ?
पदरातून पास काढला, काउंटरवर ठेवला, गेली.
त्याच वेळी बोलायला हवं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नसती तरी बोललो असतो की नाही, देव जाणे.

३१ ऑ.
गुणाजीचा अहवाल. "रतनबाईंच्या गुणांत सुधारणा. सिस्टम काम करते आहे." वर अंगठे, टाळ्या, फुलं. मी काहीच टाकलं नाही. सगळ्यांची किळस आली. माझी धरून.
पास अजून माझ्याच गल्ल्यात.

३ सप्टें.
दुपारी ग्रुपवर निरोप: सुनंदाच्या नातवाची कावीळ उतरेना, बाळ काचेच्या पेटीत, मुलगी रडून रडून अर्धी, सोबतीला बाई हवी.
गुणाजीने लगेच निरोप दुसऱ्या ग्रुपवर ढकलला. आले की चार आभार! कारखानदारांनी "प्रार्थना" लिहिलं. जातो किंवा जाते कुणीच लिहीना.
सुनंदाचा मला फोन. "दादा, अक्का कोठे शे? फोन उचलस नही. ती का बरं नही उनी?" तिला खरंच माहीत नाही. मी ऐकून घेतलं, बघतो म्हटलं.
पास घेऊन मागच्या गल्लीत गेलो. अक्का दारात टिकल्या लावत बसलेली. मोबाइल शेजारी पालथा. तिने निरोप वाचला होता, कारण डबा भरून तयार होता. पण उठली नव्हती.
पास पुढे धरला. तिने त्याकडे पाहिलंही नाही.
"जासू मी. पोरगं बिचारं, त्यानं काय. पन सुनंदा परत ते बटन दाबाव नही, आसं तिले सांगशी का?"
"सांगतो," म्हणालो.