शिरसमाळला नदी नाही

९ सप्टेंबर १९५६

गोदा पहाटेच बायकांबरोबर राजघाटावर गेली. ऋषिपंचमीचं स्नान. चार वर्षांपूर्वी याच सणाला आमची लेक मनी इथेच तापी नदीत वाहून गेली — नऊ वर्षांची होती. सापडली नाही. तेव्हापासून गोदा रोज घाटावर जाते. मी एकदाही गेलेलो नाही.

दार लोटून शिरसमाळ लिहीत बसलो.

१५ सप्टेंबर

शिरसमाळ माझ्या कादंबरीतलं गाव. नकाशात कुठे नाही, पण उचलून आणतोय ते बुऱ्हाणपुरातूनच. आज शाळा सुटल्यावर सिंधीपुऱ्यातून हिंडलो. मागांची खटखट, ओट्यावर पान कुटत बसलेले म्हातारे, भिंतीतून उगवलेला पिंपळ — सगळं घेतलं. असीरगडही घेतला, जरा बुटका करून. शाहपूरच्या वाटेवरच्या केळीच्या बागा घेतल्या. पाणी कुंड्यांचं, म्हणजे जमिनीखालून जोडलेल्या जुन्या विहिरींचं, इथे येतं तसंच. गाव छान वसतंय.

नदी घेतली नाही. कादंबरी माझी, गाव माझं.

२३ सप्टेंबर

नंदकुमार आला होता. कॉलेजातला मित्र, नागपूरला मासिक चालवतो. दुपारभर पाटावर बसून सहा प्रकरणं वाचली. गोदाने वाढलेलं ताट गार झालं.

"गाव दिसतं रे," म्हणाला. "पण संध्याकाळी हे लोक जातात कुठे? तुझे सगळे रस्ते उतरत जातात आणि मध्येच थांबतात. खाली काय आहे?"

"काही नाही."

त्याने गोदाकडे पाहिलं, आणि विषय बदलला. मनीला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

तो गेल्यावर चिडचिड झाली. कारण खरं आहे. सिंधीपुऱ्याचा उतार मी जसाच्या तसा घेतला — आणि तो नदीकडेच उतरतो.

२ ऑक्टोबर

प्रांत मोडतोय. नागपूर, अकोला, बुलढाणा मुंबई राज्यात. आम्ही नव्या मध्य प्रदेशात, भोपाळकडे. आम्हा मराठी मास्तरांना विचारणा झाली — इकडे राहता की तिकडे जाता? मी गोदाला न विचारताच तिकडचं मलकापूर सांगून टाकलं होतं. आज जेवताना तिला सांगितलं.

ती भाकरी मोडत होती. थांबली.

"तुम्ही जा. मी नाही येत."

"इथे काय राहिलंय आपलं?"

"लेक आहे माझी इथं. तिला एकटीला टाकून जाऊ?"

उठली, माझं ताट न उचलता आत गेली. असं कधी केलं नव्हतं तिने.

७ ऑक्टोबर

गोदा बोलत नाही. लिहूनही होत नाही.

२१ ऑक्टोबर

आज गोदा निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. तिने पाहिलं. सगळा उतार ती पुढे, मी मागे.

नदी किती लहान वाटली. पाणी ओसरलेलं, पलीकडे वाळूत टरबुजांसाठी कोणी आळी खणत होतं. भिकन नावाडी लांबूनच म्हणाला, "आज मास्तरसाब भी आए?" गोदा म्हणाली, "हो, आले."

ती रोज बसते त्या पायरीवर बसलो. विचारलं — गोदा, त्या दिवशी काय झालं? चार वर्षांत हे मी विचारलं नव्हतं. विचारलं तर तिला दोष दिल्यासारखं होईल, असं वाटायचं.

"मी तिचे केस धूत होते," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "आघाडा चोळला, डोळ्यात गेला म्हणून रडायला लागली. म्हटलं, थांब, पदर पिळून पुसते. पदर पिळायला वळले. तेवढंच. पुन्हा बघितलं तर पायरी रिकामी." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही विचारलं नाही, तेव्हा वाटायचं, तुम्हाला सगळं माहीतच आहे — मीच तिला सोडली असं."

मी तिचा हात धरला. चारचौघांत, घाटावर. तिने सोडवून घेतला नाही.

३० ऑक्टोबर

रोज जातो आहे. कधी दोघं, कधी मी एकटाच. शिरसमाळचा रस्ता आता थांबत नाही, खाली पायऱ्यांपर्यंत जातो. आज गोदाला ते प्रकरण वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "पाणी इतकं निळं नसतं आपलं. मातकट लिहा." खोडून मातकट केलं.

१ नोव्हेंबर

आजपासून नवं राज्य. शाळेत झेंडा, पेढे. फटाके दिवाळीचे की राज्याचे, कळेना. हेडमास्तरांना सांगितलं, मलकापूर नको, इथेच राहतो. ते म्हणाले, "सगळे मराठी लोक तिकडे जायला बघतात, आणि तुम्ही?" वर लिहून बघतो म्हणाले.

१४ नोव्हेंबर

मिळालं. इथेच राहायचं. घरी येऊन गोदाला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, "बरं झालं," आणि तांदूळ निवडत राहिली.

२५ नोव्हेंबर

गोदा सकाळच्या गाडीने गेली. रावेरला, भावाकडे. फलाटावर विचारलं, परत कधी? म्हणाली, "माहीत नाही. चार वर्षं तिच्याजवळ मी एकटीच होते, माझी जागा घ्यायला कोणी येत नव्हतं. आता तुम्ही जाता ना."

उन्हं उतरली. घाटावर जायला हवं.